शिक्षण हक्क कायदा असूनही पाचवीतल्या मुलाला नीट वाचता येत नाही, पालकांनी काय करावं?

तुमच्या वाडीतल्या जिल्हा परिषद शाळेत पाचवीची मुलं अडखळत वाचतात, मग २००९च्या कायद्याचा उपयोग काय, असं तुम्ही विचारलंत. उपयोग आहे, पण तो मागून घ्यावा लागतो. मी गुहागर तालुक्यात शाळा व्यवस्थापन समितीवर पालक सदस्य आहे, त्यावरून सांगते.

कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि सगळ्यांचं लक्ष गेलं खोल्या, शौचालय, कुंपणाकडे. तेही हवंच होतं. पण कलम २४ कोणी उघडून बघत नाही. प्रत्येक मुलाला किती येतं ते तपासायचं, गरजेप्रमाणे जादा शिकवायचं आणि पालकांना नियमित भेटून प्रगती सांगायची, ही शिक्षकांची कर्तव्यं त्यात लिहिलेली आहेत. आणि समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. म्हणजे विचारायचा अधिकार आपलाच आहे.

आमच्याकडे सभा म्हणजे इतिवृत्तावर सह्या. आम्ही हट्ट धरला की सभेत मुलांकडून एकेक उतारा वाचून घ्यायचा. तिसरीतली एक मुलगी 'नारळ', 'पाऊस' सरसर वाचत गेली आणि 'पऱ्ह्या' (म्हणजे ओढा) या शब्दावर अडली. मग गुरुजींच्या तोंडाकडे बघून अंदाजाने शब्द सांगू लागली. प्रगतिपुस्तकात तिचा शेरा उत्तम होता. गुरुजींना दोष देऊ नका. शिक्षक दोन, इयत्ता पाच, आणि एक जण तालुक्याला मीटिंगला गेला की सगळी शाळा एकाच फळ्यासमोर. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक हे कायद्याचं प्रमाण. आपल्या कमी पटाच्या वाड्यांत ते दोन टिकवण्यासाठीही समितीने ठराव करून पाठपुरावा करावा लागतो.

आम्ही इयत्ता बाजूला ठेवून, जोडाक्षरांवर अडणाऱ्या सगळ्या मुलांचा एक गट केला. वाडीतली डी.एड. झालेली एक मुलगी रोज अर्धा तास त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घेते. फरक दिसतोय.

महाराष्ट्राने २०२३ मध्ये पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा परत आणली, नापास झाल्यास पुनर्परीक्षा. माझ्या मते पाचवीत कळून फार उशीर होतो. दुसरी-तिसरीची मुलं आत्ताच वाचायला बसवा. गणपतीच्या सुट्टीआधी सभा लावून घ्या, नंतर अर्धा गाव मुंबईला परततो आणि गणपूर्ती होत नाही.