इमर्जन्सीत तासन्‌तास बसायची वेळ आली तर

परदेशातल्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत आपण रात्री दहाला आलोय आणि बाराला आलेल्या माणसाला आधी आत नेलं की टाळकं सटकतंच. मी पण पोट धरून सात तास मनातल्या मनात भांडत बसले होते. नंतर कळलं की थोडी चूक माझीही होती.

तिथे नंबराने आत घेत नाहीत, ट्रायाज करतात. नर्स बीपी, नाडी, ताप, ऑक्सिजन बघते, चार प्रश्न विचारते आणि कोणाला किती घाई आहे ते ठरवते. कॅनडा, ऑस्ट्रेलियात १ ते ५ अशा पायऱ्या आहेत, १ म्हणजे जिवावरचं. ऑस्ट्रेलियात तिसऱ्या पायरीला ३० मिनिटांत बघायला हवं, पाचवीला १२० मिनिटांत, पण हे झालं कागदावर. वर वॉर्डात बेड रिकामा नसला की अ‍ॅडमिट झालेले पेशंटही इमर्जन्सीतच पडून राहतात, मग बाहेर खुर्चीवर बसलेल्यांना आत घेणार कुठे?

तर माझी चूक. नर्सने विचारलं, ० ते १० मध्ये किती दुखतंय? मी म्हटलं, चार. घरून निघताना नवऱ्याला आठ सांगितलं होतं! उगाच बाऊ कशाला करायचा ही आपली सवय, ती तिथे नडते. वाढवून सांगू नका पण कमी तर अजिबात सांगू नका, आणि कधी सुरू झालं, कुठून कुठे सरकलं हेही बोला. माझं बेंबीजवळ सुरू होऊन उजवीकडे खाली उतरलं होतं, अपेंडिक्सचा संशय यायला तेवढं एक वाक्य पुरलं असतं, ते मी बोललेच नाही.

बसल्या बसल्या त्रास वाढला, धाप लागली, गरगरायला लागलं तर तसेच बसून राहू नका, परत नर्सकडे जा, ते पुन्हा तपासतात. कंटाळून घरी जायचं असेल तरी सांगून जा. आणि विचारल्याशिवाय काही खाऊ नका, ऑपरेशन निघालं तर पोट रिकामं लागतं.

औषधांची यादी फोनमध्ये ठेवा, ब्रँड नाही, औषधाचं मूळ नाव. आपलं पॅरासिटामॉल म्हणजे अमेरिका-कॅनडात अ‍ॅसिटामिनोफेन, दोन्ही वेगळी समजून डबल डोस घेणारे लोक मी पाहिलेत. आईबाबा आले असतील तर दुभाषी मागा, बऱ्याच मोठ्या हॉस्पिटलांत फोनवर तरी मिळतो, आजीच्या लघवीचा त्रास दहा वर्षांच्या नातवाला सांगायला लावू नका प्लीज.

अमेरिकेत इन्शुरन्स नाही म्हणून घरी थांबू नका, १९८६ च्या कायद्याने इमर्जन्सीत तपासणं आणि तब्येत स्थिर करणं बंधनकारक आहे, बिल मात्र नंतर येतंच. जायचं की नाही कळत नसेल तर ब्रिटनमध्ये १११, कॅनडात बहुतेक प्रांतांत ८११ लावून विचारा. छातीत दुखतंय, तोंड वाकडं झालंय, हात उचलत नाहीये, असं असेल तर मात्र विचारत बसू नका, थेट अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा.

हां, आणि चार्जर न्या. माझा फोन तिसऱ्या तासाला गेला.