दोन दिवस एका चुकीमागे गेले, म्हणून प्रोग्रॅमिंग सोडू का?

प्रश्न : मी चार महिन्यांपासून वेब ॲप्लिकेशन बनवायला शिकते आहे. नोंदणीच्या फॉर्मसाठी एक मेथड, म्हणजे ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा, लिहिली. बटण दाबलं की काहीच होत नाही, एररही दिसत नाही. दोन दिवस कोड बदलून बदलून पाहिला. मैत्रिणींचं चटकन जमतं. हे क्षेत्र माझं नाही का?

उत्तर : सोडू नकोस. दोन दिवस अडकण्यावरून तुझी कुवत ठरत नाही. मला काळजी वाटली ती 'कोड बदलून बदलून पाहिला' या शब्दांची. चूक कुठे आहे हे कळण्याआधी बदल करत गेलं, की जुन्या चुकीत आपल्याच नव्या चुका मिसळतात आणि मग काहीच उलगडत नाही.

बटण दाबल्यावर माहिती ब्राउझरमधून सर्व्हरकडे, तिथून तुझ्या मेथडकडे आणि पुढे डेटाबेसकडे जाते. ती कुठपर्यंत पोचते, एवढंच आधी शोध. ब्राउझरची डेव्हलपर टूल्स उघड, ब्राउझरमधून निघणाऱ्या विनंत्या दाखवणाऱ्या नेटवर्क टॅबवर जा आणि मग बटण दाब. तिथे नवी ओळ आलीच नाही, तर विनंती निघालेलीच नाही. मग सर्व्हरवरची मेथड कितीही सुधारलीस तरी व्यर्थ. अशा वेळी त्याच टूल्समधला कन्सोल पाहा, तिथे ब्राउझरमधल्या एरर दिसतात. ओळ आली, तर तिचा स्टेटस कोड, म्हणजे सर्व्हरने उत्तरादाखल दिलेला आकडा, वाच. ४०४ म्हणजे त्या पत्त्यावर काही सापडलं नाही. ४०५ म्हणजे पत्ता आहे, पण फॉर्म पोस्ट (माहिती पाठवणारी विनंती) पाठवतोय आणि तिथे बहुधा फक्त गेट (माहिती मागणारी विनंती) चालतं. ५०० आला तर बिघाड सर्व्हरवर आहे; सर्व्हरचा लॉग, म्हणजे त्याने केलेल्या नोंदींची फाइल, उघड.

सगळ्यात फसवा २००. सगळं ठीक दिसतं आणि नोंद मात्र होत नाही. फॉर्ममधलं फील्डचं नाव आणि मेथड शोधते ते नाव यांत एका अक्षराचा फरक असला तरी असं होऊ शकतं. कॅच ब्लॉक, म्हणजे एरर आल्यावर काय करायचं ते सांगणारा कोडचा भाग, रिकामा ठेवला असेल, तर एरर तिथेच गडप होते. तुझ्या बाबतीत मी हे आवर्जून तपासेन.

मेथडच्या पहिल्या ओळीवर ब्रेकपॉइंट, म्हणजे प्रोग्रॅम तिथे थांबवणारी खूण, लाव. प्रत्येक व्हेरिएबलमध्ये काय असायला हवं ते आधी कागदावर लिही, मग एकेक ओळ पुढे जात प्रत्यक्षात काय आहे ते बघ. दोन्ही जिथे जुळत नाहीत, तिथून शोध सुरू कर. लाल अक्षरांचा स्टॅक ट्रेस, म्हणजे एरर कुठून कुठे आली त्याची यादी, दिसला तर खिडकी बंद करू नकोस. त्यात तुझ्या फाइलचं नाव आणि ओळीचा क्रमांक शोध. पायथॉनमध्ये मूळ एरर सहसा शेवटी असते, जावास्क्रिप्टमध्ये वर.

मैत्रिणींशी तुलना आत्ता बाजूला ठेव. नोकरीत बराचसा वेळ दुसऱ्याने लिहिलेल्या कोडमधली चूक शोधण्यात जातो आणि तिथे शांतपणे माग काढणारी माणसं हवी असतात. तू दोन दिवस चिकाटीने बसलीस, हे मला फार मोलाचं वाटतं.

उद्या कोडला हात न लावता फक्त नेटवर्क टॅब बघ आणि कोणता स्टेटस कोड दिसला ते मला कळव.