सरड्याची धाव आणि कुंपणाची लांबी

प्रश्न : आम्ही सिडनीत राहतो. अकरा वर्षांच्या मुलाच्या हट्टापायी, रीतसर परवाना काढून, तीन आठवड्यांपूर्वी पाच महिन्यांचा बियर्डेड ड्रॅगन जातीचा सरडा घरी आणला. ओळखीच्यांनी दिलेल्या ६० सेंटिमीटर लांबीच्या जुन्या मत्स्यालयात वाळू पसरून त्याला ठेवले आहे. आत विजेवर तापणारा दगड आहे, जाळीच्या झाकणावर दिवा आहे आणि रात्री लाल बल्ब लावतो. दिव्यापासून दूरच्या काचेला चिकटवलेला तबकडीचा तापमापक ३५ अंश दाखवतो. ऊन मिळावे म्हणून पेटी बंद खिडकीशी ठेवली आहे. तरीही तो कोपऱ्यात काच खरवडत राहतो, तोंड उघडे ठेवून बसतो आणि त्याचे खाणे कमी झाले आहे. मुलाच्या मते त्याला एकटे वाटते, म्हणून आणखी एक आणावा. काय करावे?
– एक वाचक, सिडनी

उत्तर : दुसरा प्राणी आणण्याचा विचार प्रथम सोडून द्यावा. हे सरडे एकटेच राहणारे आहेत. एका पेटीत दोन ठेवले की एक दुसऱ्याच्या पाठीवर चढून बसतो आणि पाहणाऱ्याला ती माया वाटते. प्रत्यक्षात वरचा खालच्याचे ऊन अडवत असतो. आपल्या सरड्याची तक्रार एकटेपणाची नसून पेटीत कोठेही गारवा नसल्याची आहे, आणि त्याचा पुरावा आपल्याच पत्रात आहे. दिव्यापासून सर्वांत दूरच्या काचेवर ३५ अंश असतील, तर दिव्याखाली त्याहून बरेच अधिक असणार आणि पळून जायला जागा नाही. दिव्याखाली तोंड उघडून बसणे स्वाभाविक असते, कारण अंगातली जादा उष्णता तो तशी बाहेर टाकतो; परंतु दूरच्या कोपऱ्यात जाऊनही तोंड उघडे राहत असेल, तर त्याला उकडते आहे असे समजावे.

हा प्राणी तुमच्या देशाच्या अंतर्भागातील कोरड्या, विरळ झुडपांच्या प्रदेशातला आहे. तेथे तो सकाळी खुंटावर किंवा दगडावर चढून ऊन खातो, अंग तापले की सावलीत शिरतो, गार झाले की पुन्हा उन्हात येतो, आणि दिवसभराच्या या ये-जा करण्यावरच त्याचे पचन अवलंबून असते. म्हणून पेटीची लांबी महत्त्वाची. पूर्ण वाढलेला नर शेपटीसह ४५ ते ६० सेंटिमीटर भरतो. त्याला निदान १२० सेंटिमीटर लांब, ६० रुंद आणि ६० उंच घर हवे. सरड्याची धाव कुंपणापर्यंत असे आपण म्हणतो. येथे कुंपण आपणच घालणार असल्यामुळे ते पुरेसे लांब घालणे ही आपली जबाबदारी आहे. माझी पसंती पुढून सरकत्या काचा असलेल्या लाकडी पेटीला आहे, कारण लाकूड उष्णता धरून ठेवते आणि हात वरून येत नाही. वरून येणारा हात त्याला शिकारी पक्ष्यासारखा भासतो. दोन्ही बाजूंना हवेसाठी झरोके असावेत.

उष्णता एकाच टोकाला द्यावी. दिव्याखाली एक रुंद, खडबडीत फांदी किंवा सपाट दगड ठेवून त्याच्या पृष्ठभागावर ३८ ते ४२ अंश, तर विरुद्ध टोकाला २४ ते २८ अंश तापमान असावे. मोजमाप काचेवरच्या तबकडीने होत नाही. दोन्ही टोकांना तारेच्या टोकाने मोजणारे डिजिटल तापमापक लावावेत आणि ऊन खाण्याच्या दगडाचे तापमान इन्फ्रारेड तापमापकाने पाहावे. दिवा थर्मोस्टॅटला, म्हणजे तापमान ठरावीक अंशांवर राखणाऱ्या उपकरणाला, जोडावा. विजेवरचा दगड आजच काढून टाकावा. तो असमान तापतो आणि त्यावर पसरून बसलेल्या सरड्याचे पोट भाजते. लाल बल्बही नको. या सरड्यांना रंग दिसतात आणि त्या उजेडाने झोप मोडते. सिडनीच्या घरात रात्री तापमान १८ अंशांच्या आसपास राहत असेल, तर वेगळ्या उष्णतेची गरज नाही.

खिडकीतल्या उन्हाबाबत बहुतेकांची फसगत होते. हाडांसाठी लागणारे ड ३ जीवनसत्त्व त्वचेत तयार होण्यासाठी जे अतिनील किरण आवश्यक असतात, ते खिडकीच्या काचेतून जवळजवळ येतच नाहीत. येते ती केवळ उष्णता, आणि ती काचपेटीची भट्टी करते. ते किरण मिळाले नाहीत, तर आहारात कॅल्शियम देऊनही जबडा मऊ पडतो, पाय वाकतात. म्हणून हे अतिनील किरण देणारी १० ते १२ टक्क्यांची टी-५ प्रकारची यूव्हीबी नळी दिव्याच्याच बाजूला, पेटीच्या निम्म्याहून अधिक लांबीपर्यंत, ऊन खाण्याच्या जागेपासून साधारण ३० ते ३८ सेंटिमीटर उंचीवर, आतून बसवावी. मध्ये काच वा प्लॅस्टिक नसावे. जाळीही बराच भाग अडवते. नळी वर्षाने बदलावी, कारण डोळ्यांना उजेड तसाच दिसला तरी किरण कमी झालेले असतात. दिवे दिवसातून १२ ते १४ तास पुरेत. कधीमधी खरे ऊन द्यायचे असेल, तर निम्मी सावली असलेल्या जाळीच्या पिंजऱ्यात द्यावे आणि कूकाबरा पक्षी व शेजारच्या मांजरीवर लक्ष ठेवून शेजारी बसावे.

वाळूही काढावी. लहान सरडा भक्ष्य टिपताना जिभेने वाळू उचलतो आणि ती आतड्यात साचू शकते. सध्या वर्तमानपत्राचा कागद अंथरावा, पुढे खडबडीत फरशी टाकावी. ती तापून राहते, पुसता येते आणि त्याची नखेही झिजतात. गार टोकाला लपायला एक ढोली आणि उथळ पाण्याची वाटी पुरेशी आहे. समुद्राकाठच्या दमट हवेत, विशेषतः फेब्रुवारीत, झरोके मुळीच झाकू नयेत. आतील आर्द्रता ३० ते ४० टक्के असणे चांगले.

नवी पेटी सरडा आत न ठेवता दोन दिवस चालवून पाहावी आणि सकाळ, दुपार, रात्र असे आकडे लिहून ठेवावेत. हे काम मुलाकडे द्यावे. सर्व जमून आले, तर सकाळी तो गडद रंगाचा, अंग चपटे करून दिव्याखाली पसरलेला दिसेल आणि काही वेळाने फिकट होऊन खाणे शोधू लागेल. तसे आठवड्याभरात घडले नाही, किंवा त्याआधी पायांना कंप सुटला, तर सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे न्यावे आणि सोबत ताज्या विष्ठेचा नमुना व लिहिलेले आकडे घेऊन जावे.