व्हॅक्यूममधून राख उडते, काय करू?

प्रश्न: बंबाची राख काढायला वर्कशॉपचा ड्रमवाला व्हॅक्यूम लावला की मागून बारीक राख फवारल्यासारखी बाहेर येते, सगळी मोरी पांढरी होते, उपाय सांगा ना.

उत्तर: ताई, राख फार बारीक असते हो, साध्या स्पंजच्या फिल्टरमधून ती सरळ पार होते. ड्रममध्ये फ्लीसची (जाडसर, न विणलेल्या कापडाची) बॅग आणि वर हेपा फिल्टर (अगदी बारीक धूळही अडवणारा) लावा, एवढ्यानेच खूप फरक पडतो, शिवाय ब्लोअरच्या, म्हणजे हवा बाहेर पडते त्या तोंडाला पाइप जोडून खिडकीबाहेर सोडा. पण खरी काळजी वेगळीच आहे, राख वरून गार दिसली तरी आत निखारा 3-4 दिवससुद्धा धगधगत राहू शकतो आणि व्हॅक्यूमची हवा मिळाली की बॅगच पेटते, म्हणून राख आधी पत्र्याच्या डब्यात काढून झाकण लावा न् पूर्ण गार झालेली उरलीसुरलीच ओढा. आणि मास्क लावाच!