दिवसा लावलेला दिवा

प्रिय बाळ,

सलाम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहाटे धार, मग भाकरी, दुपारी कांद्यातली खुरपणी, संध्याकाळी पुन्हा गोठा, आणि मोबाईलवर ठरवलेल्या वर्षभराच्या बायबलवाचनात तू 43 दिवस मागे. लग्नाआधी रोज चार अध्याय व्हायचे, आता प्रभूपासून लांब गेल्यासारखं वाटतं, असं लिहिलंस. आधी ते 43 दिवस सोडून दे. भरून काढायला बसू नकोस. कुठून तरी हप्ता थकल्यासारखी तू शास्त्राकडे बघायला लागली आहेस, आणि त्याचंच मला वाईट वाटलं.

मी तुझ्या वयाची होते तेव्हाचं सांगते. आमच्या सासूबाईंना अक्षरओळख नव्हती, मी शाळा शिकलेली. संध्याकाळी कंदिलापुढे वाचायचे मी, अर्थही मीच सांगायचे. त्या भिंतीला टेकून बसायच्या. यांना काय कळत असेल, असं मला वाटायचं. एकदा लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातली हरवलेल्या नाण्याची गोष्ट निघाली. दहातलं एक नाणं हरवतं, ती बाई दिवा लावते, घर झाडते, सापडेपर्यंत शोधते, मग मैत्रिणी-शेजारणींना बोलावते. मी म्हटलं, रात्रीची वेळ असणार. तर सासूबाई म्हणाल्या, "रात्र कशाला पाहिजे? आपल्या आतल्या खोलीत भर दुपारी दिवा लागतो की."

आमचं घर माळवदाचं, आतल्या खोलीला एक झरोका. प्रभू जिथे वावरला त्या गालीलातल्या गरिबांची घरंही दगडमातीची, अंधारी, खिडक्या नावापुरत्या, हे मी पुष्कळ वर्षांनी एका पाळकसाहेबांकडून ऐकलं. सासूबाईंनी ते एका वाक्यात सांगून टाकलं होतं.

मग त्यांनी स्वतःचं सांगितलं. लग्नातली सोन्याची फुली एकदा सारवलेल्या जमिनीच्या भेगेत गेली होती. तीन दिवस केरसुणी घेऊन त्या इंच इंच जमीन झाडत होत्या. "शेजारणींना का बोलावलं, कळलं का?" त्या म्हणाल्या. "वस्तू हरवली की घरात आल्यागेल्या प्रत्येक बाईवर संशय जातो. तोंडानं कुणी बोलत नाही. म्हणून सापडल्यावर बोलावून दाखवावी लागते, त्याशिवाय त्यांच्या जिवावरचं ओझं उतरत नाही."

बाळ, त्या अध्यायाची सुरुवात काढून बघ. हा पाप्यांना जवळ करतो, त्यांच्या पंक्तीला बसतो, म्हणून परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारे धर्मपुढारी, कुरकुर करत होते, आणि त्यांना प्रभूने ही गोष्ट सांगितली. ज्यांच्याकडे सगळा गाव संशयाने बघतो त्यांनाच आनंदाला बोलवायचं. इतक्या वर्षांत किती उपदेश ऐकले, पण सासूबाईंनी दाखवलेली ही जागा मला दुसऱ्या कुणी दाखवली नाही.

म्हणून म्हणते, तुझ्या सासूबाईंना विचारत जा. त्यांच्या हाताला जे माहीत आहे ते शास्त्रात पानोपानी आहे. पिठात लपवलेल्या खमिराचा, म्हणजे पीठ फुगवणाऱ्या आंबवणाचा, दृष्टांत घे. आपल्या ज्वारी-बाजरीच्या भाकरीला खमीर लागतच नाही, मग पोरांना कळणार कसं? पण विरजण त्यांना कळतं. चमचाभर ताक भांडंभर दुधात घालून झाकून ठेवलं की रात्रभर तिकडे कुणी बघत नाही, आणि सकाळी सगळं दूध बदललेलं असतं. आणि ते पीठ किती? तीन मापं, म्हणजे आपल्या दोन डब्यांहून जास्त. एका घराचा तो स्वयंपाक नव्हे, पंगतीचा आहे. मळणारीच्या दंडाला काय कळ लागली असेल, ते तुझ्या सासूबाई सांगतील.

सासरे लांबलचक अध्याय वाचतात आणि सगळे पेंगतात, असं लिहिलंस. त्यांच्या हातातलं पुस्तक घेऊ नकोस, वेळेवरूनही बोलू नकोस. दिवसभर राबून आलेला माणूस स्वतःहून शास्त्र उघडतो, ही लहान गोष्ट नाही. फक्त मधे एखादं विचार. बायबलच्या अनुवाद नावाच्या पुस्तकात लिहिलंय, जातं किंवा जात्याची वरची तळी कुणाची गहाण ठेवून घेऊ नका, तो त्याचा जीव गहाण ठेवल्यासारखं आहे. तिथे म्हण, "मामा, आपल्याकडे कुणी जातं गहाण ठेवलेलं ऐकलंय का?" ते चष्मा काढून बोलायला लागतील. पुढचा अध्याय त्या दिवशी राहिला तर राहू दे.

कांद्याला रात्रीची लाईट असते, तुझा नवरा बॅटरी घेऊन दारं धरायला जातो, उसातल्या बिबट्याची धास्ती वाटते, झोप लागत नाही, हे वाचून मला माझे दिवस आठवले. त्या वेळी वाचन उरकायला बसू नकोस. तो निघण्याआधी उंबऱ्यातच दोघांनी स्तोत्र 121 म्हणा. आठच वचनं आहेत. इस्राएलाचा रक्षक डुलकी घेत नाही आणि झोपतही नाही, हे वचन रात्री पाण्यावर जाणाऱ्याच्या बायकोइतकं कुणाला लागू पडणार? तोंडपाठ कर, म्हणजे चुलीपुढे, गोठ्यात, कुठेही पुस्तक लागणार नाही.

पंडिता रमाबाईंनी उतारवयात केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं शास्त्र मराठीत आणलं. एवढी संस्कृत जाणणारी बाई, पण साध्यासुध्या बायकांना कळेल अशी भाषा शोधत राहिली. तिथल्या त्यांच्या मुक्ती मिशन आश्रमातल्या मुलींनी त्याचे छपाईचे खिळे जुळवले. 1922 साली रमाबाई गेल्या आणि ग्रंथ 1924 साली छापून पुरा झाला. माझ्या आजीच्या पेटीत त्याची एक प्रत होती, पानांना हळदीची बोटं लागलेली. लहानपणी मला ते डाग बघून वाईट वाटायचं. आता ती प्रत कुठे गेली कोण जाणे, पण मिळाली तर मी आधी ते डागच शोधीन.

आता काढणी जवळ आली असेल. या आठवड्यात एवढंच कर: रूथचा दुसरा अध्याय, रोज पाच-सहा वचनं, भाकरी झाल्यावर चुलीजवळच. सासू-सुनेचंच पुस्तक आहे ते. रूथ परक्याच्या शेतात सरवा वेचायला जाते, आणि शेताचा मालक बवाज आपल्या गड्यांना सांगतो की पेंढ्यांतून मुद्दाम काही कणसं तिच्यासाठी टाका, आणि तिला धमकावू नका. तुझ्या सासूबाई लहानपणी आईबरोबर सरवा वेचायला जायच्या, हे मला तुझ्या लग्नात त्यांच्याच तोंडून कळलं. कुणाच्या बांधावर त्यांना हाकललं, कुणी मुद्दाम मागे टाकलं, ते त्यांना विचार. त्या काय सांगतात ते मला सविस्तर लिही.

तुझ्या संडे स्कूलच्या बाई