हॉर्न पुन्हा जळला!

प्रश्न : आमच्या ग्रुपचा साउंड मी बघतो. गायकांपुढे त्यांना स्वतःचं ऐकू यावं म्हणून दोन पॅसिव्ह (आत अ‍ॅम्प नसलेले) मॉनिटर असतात : १२ इंची स्पीकर आणि उंच सुरांसाठी हॉर्न, ८ ओहम. पाटीवर ३०० वॉट कंटिन्युअस, ६०० प्रोग्रॅम, १२०० पीक असं लिहिलंय. अ‍ॅम्प ८ ओहमला ६०० वॉटचा आहे. गायकाच्या चॅनेलवर लिमिटर (सिग्नल ठरलेल्या पातळीवर रोखणारा) लावूनही हॉर्नचा डायफ्रॅम (आतला कंप पावणारा पडदा) दुसऱ्यांदा गेला. लहान अ‍ॅम्प घेऊ का?

उत्तर : अजिबात नको. लहान अ‍ॅम्प घेतलात की तो लाल दिवा लागेपर्यंत पिळला जाणार, आणि क्लिप होणारा, म्हणजे ताकद संपल्यावर सिग्नलची शिखरं छाटणारा, अ‍ॅम्प पाटीवरच्या आकड्यापेक्षा जास्त, कागदोपत्री तर दुपटीपर्यंत, वॉट देतो. तुमचा अ‍ॅम्प ठीक आहे, लिमिटरची जागा चुकली आहे.

चॅनेलवरचा लिमिटर त्या एका गायकाला आवरतो. मॉनिटरमध्ये मात्र कीबोर्ड, बाकीचे माइक असं सगळं एकत्र येतं, आणि वाटेत ग्राफिक इक्वलायझर (एकेका पट्टीने वेगवेगळे सूर कमी-जास्त करणारा) असतो. ‘क्लॅरिटी नाही’ म्हणून कुणी ३ किलोहर्ट्‌झची पट्टी ६ डेसिबल वर सरकवली, की आधी केलेलं लिमिटिंग पाण्यात. लिमिटर ऑक्सच्या (मिक्सरमधून मॉनिटरला सिग्नल पाठवणाऱ्या वाटेच्या) आउटपुटवर, इक्वलायझरच्या नंतर आणि अ‍ॅम्पच्या अगदी आधी हवा. डिजिटल मिक्सर असेल तर इन्सर्ट, म्हणजे लिमिटर जोडायची जागा, इक्वलायझरच्या आधी आहे की नंतर, हे एकदा तपासा.

थ्रेशोल्ड, म्हणजे लिमिटर जिथे आवरायला लागतो ती पातळी, कानाने लावू नका. गणित सोपं आहे. वॉट गुणिले ओहम, म्हणजे ३०० × ८ = २४००, त्याचं वर्गमूळ साधारण ४९ व्होल्ट. (प्रोग्रॅम आणि पीकचे आकडे विसरा, ते विकणाऱ्याच्या कामाचे.) अ‍ॅम्पचा गेन ३२ डेसिबल असेल तर तो सिग्नल ४० पट करतो. ४९ भागिले ४० म्हणजे १.२३ व्होल्ट, म्हणजेच +४ डीबीयू (व्होल्टेज डेसिबलमध्ये मोजायचं माप). हाच तुमचा आरएमएस (सरासरी पातळीवर चालणारा) थ्रेशोल्ड. पण गेन २६ डेसिबलचा असेल तर उत्तर +१० येतं. त्यामुळे दुसऱ्याचा आकडा उचलू नका, ६ डेसिबलची चूक म्हणजे चौपट वॉट! हिशेब अ‍ॅम्पचा नॉब पूर्ण उघडा धरूनच करा, कार्यक्रमात कोणीतरी तो फिरवतंच. मिक्सरचा लिमिटर डीबीएफएसमध्ये (मिक्सरच्या कमाल पातळीला शून्य धरून खाली मोजणाऱ्या मापात) असेल तर मिक्सरचं कमाल आउटपुट बघा. ते +२२ डीबीयू असेल तर +४ म्हणजे −१८. रेशो (थ्रेशोल्डवरचं किती दाबायचं ते) सर्वात जास्त ठेवा आणि मेकअप गेन (लिमिटरनंतर पुन्हा वाढवलेला आवाज) शून्य, नाहीतर शिट्टी, म्हणजे मॉनिटरचा आवाज माइकमध्ये शिरून होणारा फीडबॅक, आणखी लवकर येईल.

एवढं करूनही हॉर्न वाचेलच असं नाही, कारण तो बहुधा शिट्टीने जळतोय. गाण्यात शिखरं उंच असली तरी सरासरी बरीच खाली असते, त्यामुळे कॉइलला (डायफ्रॅम हलवणाऱ्या तारेच्या वेटोळ्याला) थंड व्हायला उसंत मिळते. शिट्टी एका सुरात अखंड वाजते. ती ३ किलोहर्ट्‌झची असली तर जवळजवळ सगळी ताकद हॉर्नकडे जाते, आणि बॉक्सच्या ३०० वॉटांपैकी हॉर्नला झेपणारा वाटा फार थोडा असतो. क्रॉसओव्हर (स्पीकर आणि हॉर्नमध्ये सूर वाटून देणारं सर्किट) हॉर्नला थोडं कमी करून देतो, पण पुरेसं नाही. लिमिटर शिट्टी थांबवतही नाही, फक्त ठरलेल्या उंचीवर धरून ठेवतो. तेवढ्या वेळात कॉइल भाजून निघते.

म्हणून बॉक्सला बाय-अ‍ॅम्पची सोय असेल तर हॉर्नला वेगळा अ‍ॅम्प चॅनेल द्या आणि त्याच्या स्वतःच्या वॉटवरून वेगळा थ्रेशोल्ड काढा. सोय नसेल तर एकूण थ्रेशोल्ड आणखी ३ ते ६ डेसिबल खाली आणा आणि कार्यक्रमाआधी शिट्ट्या शोधून इक्वलायझरवर कापा. गायकांच्या मॉनिटरला १०० हर्ट्‌झचा लो-कटही (त्याखालचे सूर कापणारा फिल्टर) लावा, स्पीकर उगाच हलायचा थांबेल. मग गाण्यात लिमिटरचा दिवा अधूनमधून लुकलुकला तर चालेल. सतत पेटून राहिला तर बॉक्स कमी पडतोय, दुसरा जोडा.

नवा डायफ्रॅम बसवताना ओहम जुन्याशी जुळवून घ्या. एकाच हॉर्नसाठी ८ आणि १६ ओहम असे दोन्ही मिळतात, आणि चुकीचा बसला की क्रॉसओव्हरचं गणित बिघडतं.