रशियाला मदत आर्क्टिकमधूनच जायची का?

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची मदत रशियाला आर्क्टिकमधूनच जायची का आणि त्यात भारताचा काही हात होता का, असं तुम्ही विचारलंय.

आर्क्टिक हा तीन मुख्य मार्गांपैकी एक. तो गाजला, कारण तिथे जहाजं बुडाली. जुलै 1942 मध्ये पीक्यू-17 ताफ्यातली जवळपास दोन तृतीयांश मालवाहू जहाजं गेली. सगळ्यात जास्त माल, म्हणजे साधारण निम्मा, पॅसिफिकमधून व्लादिवोस्तोकला जायचा, तोही जपानच्या नाकासमोरून! जपान आणि रशियाचं तेव्हा युद्ध नव्हतं, म्हणून सोव्हिएत झेंड्याची जहाजं सुटायची. शस्त्रं मात्र त्यातून नेता येत नसत.

मला विचाराल तर सगळ्यात रंजक मार्ग इराणचा. ऑगस्ट 1941 मध्ये ब्रिटन आणि रशियाने तटस्थ इराणमध्ये दोन्हीकडून सैन्य घुसवलं आणि महिन्याभरात रझा शाहला गादी सोडावी लागली. तेलाइतकाच डोळा होता तो आखातापासून कॅस्पियनपर्यंतच्या रेल्वेवर. ती याच शाहने 1938 मध्ये पूर्ण केलेली. पण बंदरांत धक्के अपुरे, जहाजं आठवडेच्या आठवडे खोळंबून. पुढे झाग्रोसच्या डोंगरात बोगद्यामागून बोगदे. वाफेच्या इंजिनाचा धूर आत कोंडायचा, चालक गुदमरायचे, वर पाण्याची बोंब. 1943 मध्ये अमेरिकनांनी तेहरानच्या दक्षिणेचा भाग हाती घेतला, डिझेल इंजिनं आणली, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

ट्रकांची युक्ती तर फारच नामी. ते सुटे, पेट्यांतून यायचे. खोर्रमशहर आणि अंदिमेश्कच्या कारखान्यांत इराणी कामगार ते जोडायचे. मग त्यांतच माल भरून उत्तरेला धाडायचे आणि तिथे मालासकट ट्रकही रशियाच्या हवाली!

इराणी माणसाच्या वाट्याला काय आलं? महागाई आणि धान्यटंचाई. डिसेंबर 1942 मध्ये तेहरानमध्ये पावासाठी दंगली झाल्या.

आता भारत. इराणमध्ये घुसलेल्या ब्रिटिश फौजेत मुख्यतः 8वी आणि 10वी या भारतीय डिव्हिजन होत्या. पुढे तेव्हा भारतात असलेल्या क्वेट्ट्याहून झाहेदानमार्गे ईशान्य इराणमधल्या मशहदकडेही माल जायचा. याच इराणी मार्गावरच्या कामगिरीसाठी रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरचे (लष्कराची रसद आणि वाहतूक सांभाळणारी शाखा) सुभेदार नारायण राव निकम आणि हवालदार गजेंद्र सिंग यांना 1944 मध्ये 'ऑर्डर ऑफ द रेड स्टार' हा सोव्हिएत लष्करी सन्मान मिळाला. निकम म्हटल्यावर आपल्याला सातारा-नाशिक आठवणार, पण हे निकम तमिळनाडूचे.